चोवीस एक्स आणि पेटलेले डोळे

(या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जास्तीचे 'म्हणजे' आणि 'तर' आले होते ते काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज मागे वाऱ्याचा आवाज येईल, कारण अर्धा भाग मी मांडवीच्या जेटीवर उभा राहून रेकॉर्ड केलाय. माईकला रुमाल गुंडाळला होता, पण मांडवीचा वारा रुमालाला जुमानत नाही.

विषय सुरू झाला एका मेसेजवरून. माझा चुलतभाऊ लांज्याच्या बाजूला गावी असतो, वय एकवीस. एका रात्री साडेअकराला त्याची लिंक आली. बंदुकीवर लावायची दुर्बीण, म्हणजे स्कोप. नाव मोठं, आकडे त्याहून मोठे: ६-२४×५०. खाली लिहिलेलं, "दादा, चोवीस एक्स आहे. रात्रीचं डुकर लांबून दिसेल ना? का बत्तीस एक्सचा घेऊ?"

डुकरांनी त्याचा वायंगणाचा भुईमूग दोनदा उकरलाय. त्यामुळे त्याचा राग मला कळतो. त्याच्याकडे एअरगन आहे. एअरगनने रानडुक्कर मरत नाही, आणि परवानगीशिवाय मारणं हा गुन्हा आहे, ते पुढे येईलच. पण मला त्याच्या प्रश्नातला एक शब्द खटकला, 'लांबून'. रात्री, लांबून, चोवीस पट. हे तीन शब्द एका वाक्यात बसतात का? मी त्याला लिहिलं, "रविवारी मांडवीला ये, दाखवतो." आणि रविवार येईपर्यंत मी वाचत बसलो. त्या वाचनाचा हा भाग झाला.

आधी थोडं गणित. घाबरू नका, भागाकार एकच आहे.

दुर्बिणीवर किंवा स्कोपवर दोन आकडे असतात. ७×५० म्हणजे सात पट मोठं दिसतं आणि पुढची काच ५० मिलिमीटरची आहे. आता ५० ला ७ ने भागा. उत्तर साधारण ७. म्हणजे त्या दुर्बिणीच्या मागून, तुमच्या डोळ्याच्या बाजूने, ७ मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत बाहेर पडतो. याला एक्झिट प्युपिल म्हणतात. घरी दुर्बीण असेल तर ती हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या काचेत एक चमकता गोल दिसेल, तोच हा.

अंधारात माणसाची बाहुली किती उघडते? विशीत साधारण ७ मिलिमीटर. वय वाढतं तसं ती कमी उघडते, साठीत बऱ्याच जणांची ५ पर्यंतच जाते. म्हणजे ७×५० चा झोत तरुण डोळ्यात बरोब्बर मावतो. आता भावाचा स्कोप चोवीसवर फिरवा. ५० भागिले २४, उत्तर २ मिलिमीटरच्या जरा वर. सात मिलिमीटरच्या दारातून दोन मिलिमीटरची धार आत येते. क्षेत्रफळाचा हिशोब केला तर पडद्यावर अकरावा हिस्सा उजेड. दुपारी याने काही बिघडत नाही, कारण दुपारी आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरची असते. बिघडतं ते संध्याकाळी.

आणि हे लक्षात ठेवा, कुठलीही साधी काचेची दुर्बीण समोरचं दृश्य तुमच्या उघड्या डोळ्यापेक्षा उजळ करू शकत नाही. झाड, डुक्कर, माणूस, अशा पसरट वस्तूंबद्दल बोलतोय, ताऱ्यांचं वेगळं. दुर्बीण फक्त मोठं करते. फार चांगली असली तर उजेड जवळपास तेवढाच राखते.

तुमच्या फोनमध्ये हेच रोज घडतं. दोन-तीन कॅमेरे असतात ना मागे? त्यातला झूमवाला कमी उजेडाचा असतो. रात्री तुम्ही झूमचं बटण दाबता आणि वाटतं की झूमची लेन्स चालू झाली. बऱ्याच फोनमध्ये तसं होत नाही. सॉफ्टवेअर बघतं की उजेड पुरत नाही, आणि गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस आहे, मला या लबाडीचं कौतुकच वाटतं. फोन तुम्हाला न सांगता ठरवतो की अंधारात झूमपेक्षा उजेड महत्त्वाचा. स्कोप ठरवत नाही. तो तुम्हाला चोवीस पट काळोख दाखवतो.

ही गोष्ट माणसाला फार आधी कळली होती, आणि ती पहिल्यांदा कळली समुद्रावर.

अठराव्या शतकात युरोपच्या जहाजांवर 'नाइट ग्लास' नावाची वेगळी दुर्बीण असायची. पट कमी, पुढची काच मोठी. आणि तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. जहाज डोक्यावर, डोलकाठी खाली. ही चूक नव्हती. साध्या दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटीच पडते. ती सुलटी करायला मध्ये आणखी भिंगं घालावी लागतात. आणि काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत फिरतो. दिवसा कोण विचारतो चार टक्क्यांना? पण रात्री पहाऱ्यावरच्या खलाशाला तो उजेड सोन्यासारखा. म्हणून त्यांनी सरळ भिंगं काढून टाकली आणि उलटं बघायची सवय करून घेतली. मला हे वाचून थांबावंसं वाटलं. रात्रभर उलट्या समुद्राकडे बघणारा माणूस, आणि त्याने ते स्वतःहून स्वीकारलेलं.

पुढे प्रिझमच्या दुर्बिणी आल्या, प्रतिमा सुलटी झाली, पण काचेचे पृष्ठभाग वाढले. दहा पृष्ठभाग धरा, प्रत्येकी चार टक्के गळती. शेवटी हातात उरतात ६६ टक्के. तिसरा हिस्सा वाटेतच गायब. यावर तोडगा निघाला १९३५ मध्ये, जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांच्याकडून. काचेवर प्रकाशाच्या लहरीहूनही पातळ थर चढवायचा, म्हणजे परत फिरणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. गळती एका टक्क्याच्या आसपास आणली की त्याच दहा पृष्ठभागांतून ९० टक्के उजेड पार होतो. जर्मन सैन्याने हे तंत्र गुपित ठेवलं होतं. आज तुमच्या चष्म्यावर जी हिरवट-जांभळी झाक दिसते, ती त्याच घराण्यातली.

दुसऱ्या महायुद्धात ७×५० ही अमेरिकेपासून जर्मनीपर्यंत आरमारांची नेहमीची दुर्बीण झाली. सातच पट. दहा, पंधरा, वीस करणं तेव्हाही शक्य होतं. हलत्या डेकवर हाताचा कंपही तितक्या पटीने वाढतो, हे एक कारण. दुसरं कारण तोच सातचा भागाकार.

जपानी आरमाराने वेगळा रस्ता धरला. त्यांनी पट वाढवली, पण पुढची काचही अवाढव्य केली. स्टँडवर बसवलेल्या, बारा सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या काचांच्या दुर्बिणी. आणि त्यावर रात्रीच्या नजरेसाठी निवडून, शिकवून तयार केलेले पहारेकरी. ९ ऑगस्ट १९४२ च्या मध्यरात्रीनंतर सॉलोमन बेटांमधल्या सावो बेटाजवळ या पहारेकऱ्यांनी 'ब्लू' नावाची अमेरिकन विनाशिका काही मैलांवरून हेरली. 'ब्लू'वर रडार होतं, तरी तिला जपानी ताफा दिसला नाही. त्या हल्ल्यामुळे दोस्तांच्या चार मोठ्या क्रूझर बुडाल्या, हजाराहून जास्त खलाशी मेले. त्या रात्री मशीनपेक्षा काच आणि सवयीचा डोळा भारी पडला. पुढे रडार सुधारलं आणि हे पारडं फिरलं.

आता बंदुकीकडे येऊ. बंदुकीवर दुर्बीण लावायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८५५ च्या सुमारास विल्यम माल्कम नावाचा माणूस सिरॅक्यूज गावात लांबलचक स्कोप बनवायचा, आणि अमेरिकन यादवी युद्धात नेमबाजांनी असे स्कोप वापरले. पण खरी गोडी लागली ती जर्मनी-ऑस्ट्रियाच्या शिकाऱ्यांना. विसावं शतक उजाडताना तिथे चांगले स्कोप बनू लागले होते. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनच्या लक्षात आलं की उत्तम काच तर शत्रूच्या घरात बनते. म्हाताऱ्या लॉर्ड रॉबर्ट्सनी जनतेला जाहीर आवाहन केलं, की घरातल्या दुर्बिणी सैन्याला द्या. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, ते लोकांच्या कपाटातल्या दुर्बिणी मागत होतं.

युद्धातल्या स्कोपचे आकडे बघितले तर माझ्या भावाला धक्का बसेल. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश ली-एनफील्ड स्नायपर रायफलवरचा नंबर ३२ स्कोप तीन पट होता. आपल्या सैन्यानेही अनेक वर्षं वापरलेल्या रशियन ड्रॅगुनोवचा स्कोप ४×२४. चार पट. २४ भागिले ४, सहा मिलिमीटरचा झोत. ज्यांचा जीव त्या काचेवर अवलंबून होता, त्यांनी तीन आणि चारवर भागवलं.

मग ८×५६ हा आकडा कुठून आला? हा शिकारीचा आकडा. जर्मनीत रानडुकराची शिकार उंच लाकडी मचाणावर बसून, संध्याकाळी आणि चांदण्यात करतात. ५६ भागिले ८, पुन्हा सात. म्हणजे उजेड जराही न सांडता जितकं मोठं करता येईल तितकं. त्या काळोख्या होत जाणाऱ्या अर्ध्या-पाऊण तासासाठी ही काच जन्माला आली.

जर्मन लोकांनी याच्याबरोबर आणखी एक आकडा काढला, संधिप्रकाशाचा आकडा. पट आणि काच यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ घ्यायचं. ७×५० चा येतो १८.७. ८×५६ चा २१.२. कल्पना चुकीची नव्हती. संध्याकाळी थोडी जास्त पट असली तर तपशील जास्त कळतो, हे खरंच आहे. पण या सूत्रात तुमची बाहुली कुठेच नाही. आता २४×५० चं काढा. ३४.६! ८×५६ च्या दीडपटीहून जास्त. डब्यावर हा आकडा छापला की माल खपतो, आणि काळोखात तोच स्कोप अकरावा हिस्सा उजेड देतो. सूत्र ज्या मर्यादेत बनलं ती मर्यादा काढून टाकली की ते जाहिरात होतं. आमच्या धंद्यात बेंचमार्कचं अगदी असंच होतं, पण ते असू दे.

इथे मला एक प्रश्न पडला. कोकणात शिकार काही कमी झालेली नाही. पूर्वी गावागावात ठासणीच्या बंदुका होत्या, पारध होती, हाकारे होते. मग ही संध्याकाळची दुर्बीण आपल्याकडे का रुजली नाही? पैसे हे एक उत्तर आहेच. रानाची दाटी हे दुसरं. आमच्याकडच्या जंगलात शंभर पावलांवरचं दिवसा दिसत नाही. पण तिसरं उत्तर मला नकाशात सापडलं, आणि ते मला सगळ्यात आवडलं.

आपल्याकडे संध्याकाळच नाही.

म्हणजे आहे, पण छोटी आहे. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर. इथे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. सूर्य बुडाल्यापासून तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत, म्हणजे साध्या डोळ्याला बाहेरचं नीट दिसतं तोवर, फक्त बावीस-तेवीस मिनिटं मिळतात. बर्लिनला सूर्य तिरका घसरतो. तिथे मार्चमध्ये चौतीस मिनिटं, जूनमध्ये पाऊण तासाहून जास्त. त्या लांबलेल्या, राखाडी उजेडासाठी ८×५६ बनली. आपल्याकडे तुम्ही स्कोप पुसून लावेपर्यंत देवळात दिवा लागतो आणि विषय संपतो.

म्हणून भारतात रात्रीची शिकार दुर्बिणीची कधी झालीच नाही. ती चांदण्याची आणि बत्तीची झाली. अंतर कमी करायचं, काच नाही वाढवायची. जिम कॉर्बेटचं उदाहरण घ्या. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या, सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं त्याच्या नावावर. १९२६ मध्ये कॉर्बेटने त्याला मारला तो रात्री, एका आंब्याच्या झाडावर बसून. खाली बकरी, तिच्या गळ्यात घंटा, आणि रायफलला बांधलेला टॉर्च. स्कोप नव्हता. आंब्याचं झाड म्हटल्यावर आपल्या रत्नागिरीकरांना बरं वाटेल म्हणून मुद्दाम सांगितलं.

घाटावर कोल्हापूर संस्थानाची शिकारीची जंगलं होती, दाजीपूर-राधानगरीकडे. तिथेच १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. राजाचं राखीव रान म्हणून ते वाचलं, आणि वाचलं म्हणून अभयारण्य होऊ शकलं. हे विचित्र आहे, पण आपल्याकडच्या बऱ्याच अभयारण्यांचं असंच आहे.

कोकणातल्या साध्या शेतकऱ्याकडे मात्र रान राखीव नव्हतं, भात होतं. १८७८ चा आर्म्स ॲक्ट आला तेव्हा युरोपियनांना सूट आणि आपल्या लोकांना लायसन, असा सरळ भेद होता. पीकसंरक्षणासाठी म्हणून जी लायसनं मिळाली त्यातून घरोघरी एक-नळी आणि ठासणीच्या बंदुका राहिल्या. अजूनही काही घरांत आहेत. निवडणूक आली की पोलीस स्टेशनात जमा होतात, आणि नेमकी तेव्हाच डुकरं येतात, अशी तक्रार कुठल्याही गावात ऐकायला मिळेल.

माझ्या आजोबांकडे अशीच एक होती. आणि आता ती गोष्ट, जी घरात फारशी सांगत नाहीत.

आजोबा शेताच्या राखणीला खोपीत झोपायचे. एका रात्री बांधाच्या पलीकडे खसफस झाली. बरोबरच्या गड्याने बॅटरी मारली. दोन डोळे पेटले, हिरवट. गडी म्हणाला, "डुकर." आजोबांनी बार काढला. सकाळी बघितलं तर शेजाऱ्यांचा पाडा. दावं तोडून आलेला. शेजारी भांडले नाहीत, पैसेही घेतले नाहीत, आणि काका सांगतात की तेच आजोबांना जास्त लागलं. त्यानंतर ती बंदूक त्यांनी क्वचितच हातात घेतली.

गावात एक म्हातारे होते, जुन्या पारधीतले. त्यांनी दुसऱ्या दिवशी आजोबांना एवढंच सांगितलं, "डुकराचा डोळा पेटत नाय."

मी लहानपणी हे वाक्य म्हणीसारखं ऐकलं होतं. या भागासाठी वाचताना कळलं की हे शब्दशः खरं आहे. गाय, हरीण, मांजर, बिबट्या यांच्या डोळ्याच्या मागे एक आरशासारखा थर असतो, टॅपेटम. आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणजे डोळ्याच्या पेशींना तो दुसऱ्यांदा मिळतो. त्याचाच चमकारा आपल्याला बॅटरीत दिसतो. डुकराला हा थर नसतो. माणसालाही नसतो.

जरा थांबून बघा याचा अर्थ काय होतो. बॅटरीच्या झोतात जे पेटतं ते डुक्कर नाही. आणि जे पेटत नाही, नुसतं काळं, बुटकं, हलणारं दिसतं, ते डुक्कर असू शकतं किंवा वाकलेला माणूस असू शकतो. शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. दर वेळी लोक म्हणतात, एवढं कसं कळलं नाही? अंधारात डोळा असाच चालतो. मधला भाग, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तो काळोखात जवळजवळ आंधळा होतो. कडेच्या पेशी काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही आणि बारकावा कळत नाही. त्यांनाही पूर्ण तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. मध्येच कोणी मोबाईल उघडला की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. उरलेलं चित्र मेंदू भरतो, आणि डुकरासाठी बसलेल्या माणसाचा मेंदू डुक्करच भरतो.

आता कायदा. आधी १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा होता, मग १९७२ मध्ये देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच्या मूळ रूपात शिकारीचं लायसन मिळण्याची सोय होती, पण सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करायला आणि कृत्रिम उजेडाचा वापर करायला बंदी होती. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही बत्तीची गोष्ट ठाऊक होती. १९९१ च्या दुरुस्तीने लायसनची वाटच बंद झाली. आज उरलंय ते कलम ११. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोका झाला असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने. रानडुकराबद्दल अशी परवानगी मागता येते, नुकसानभरपाईचा अर्जही करता येतो. अर्ज करून काय मिळतं यावर गावात बरंच बोललं जातं, ते मी इथे बोलत नाही. पण ऑनलाइन स्कोप घेऊन परस्पर रात्री बसणं, हे कुठल्याच कलमात बसत नाही. एअरगनला काही मर्यादेत लायसन लागत नाही, याचा अर्थ तिने पक्षी-प्राणी मारायला मोकळीक आहे असा नाही. अनेक पोरांचा इथे घोळ होतो.

आणि रात्रीचा प्रश्न फक्त गावठी शिकाऱ्याचा नाही. २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात टी-१, म्हणजे अवनी वाघीण, मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता, न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं होतं, सरकारी आदेश होता. तरीही नंतर जो वाद पेटला त्यातला एक मोठा मुद्दा हाच की हे रात्री का केलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम पाळले गेले नाहीत असं म्हटलं गेलं. ज्या गावांनी माणसं गमावली त्यांना हा वाद शहरी वाटला, आणि त्यांचंही मी समजू शकतो.

हल्ली नाइट व्हिजन आणि थर्मल आलंय, मग काचेचं हे सगळं गणित जुनं झालं का? काही अंशी हो. १९४५ मध्येच जर्मन आणि अमेरिकन सैन्याकडे इन्फ्रारेड दिव्यावर चालणारे रायफलचे स्कोप आले होते. थर्मल तर उष्णता बघतं, उजेड लागतच नाही. पण थर्मल तुम्हाला 'काहीतरी गरम आहे' हे फार छान सांगतं. ते पाडा आहे की डुक्कर, हे लांबून तितकंच अवघड राहतं.

तर रविवार. जानेवारीचा, आकाश स्वच्छ. भाऊ दुपारच्या एसटीने आला. आम्ही जेटीवर दोन दुर्बिणी नेल्या. एक माझी, कॉलेजात हौसेने घेतलेली झूमवाली १०-३०×५०, जिने मला आजवर एकही पक्षी धड दाखवलेला नाही. दुसरी शेजारच्या काकांची, ते मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेत. जड, रबर सोललेली, ७×५०.

साडेपाचला माझीच दुर्बीण जिंकली, हे कबूल करायला हवं. भाट्याच्या सुरूबनातली पोरं क्रिकेट खेळत होती, तीसवर लावलं तर हात हलत होता पण बॅट दिसत होती. काकांच्या दुर्बिणीत पोरं मुंगीएवढी. भाऊ माझ्याकडे बघून हसला.

सहा वीसच्या सुमाराला सूर्य बुडाला. गर्दी भेळेच्या गाड्यांकडे वळली. सहा पस्तीसला मी म्हटलं, आता बघ. ओहोटी होती, भाट्याच्या बाजूला पाण्याच्या कडेला काहीतरी हलत होतं. त्याने आधी तीस पटीतून बघितलं. बराच वेळ. म्हणाला, "काळं काहीतरी आहे. चार पायांचं. कुत्रा असेल... नाय, कुत्र्यापेक्षा मोठं." मी काही बोललो नाही. काकांची दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्याने डोळ्याला लावली, चाक थोडं फिरवलं, आणि गप्प झाला.

"बाई आहे," तो म्हणाला. "वाकून मुळे काढतेय. बाजूला टोपली आहे."

मग त्याने पुन्हा झूमवाली लावून बघितली, पुन्हा काकांची. असं तीन-चारदा केलं. पावणेसातपर्यंत दोन्हींतून काही दिसेनासं झालं. पलीकडे एक बॅटरी लागली, ती बाईच असणार, किनाऱ्याने चालत गेली.

परत येताना त्याने आजोबांच्या पाड्याची गोष्ट विचारली. त्याला ती माहीतच नव्हती, त्याच्या घरी कोणी सांगितली नव्हती. मी काकांकडून ऐकली होती तशी सांगितली. भेळ खाऊन झाल्यावर त्याने फोन काढला, स्कोपची लिंक उघडली, आणि मला विचारलं, "सेव्हन बाय फिफ्टी केवढ्याला पडते?" मी किंमत सांगितली. म्हणाला, तेवढ्यात अर्ध्या शेताला कुंपण होईल.

तो आता कुंपणाचं बघतोय. भरपाईचा अर्ज मी भरून देणार आहे, त्याचं काय होतं ते कळवीन. पुढचा भाग मांडवीचाच आहे, मुंबई-गोवा बोटी इथे थांबायच्या आणि लोक होडीतून किनाऱ्यावर उतरायचे त्या दिवसांचा. तुमच्या घरी कोणी त्या बोटीने प्रवास केला असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून मला पाठवा.